हिंदुराव पैलवानांचं अंग

"चप्पल आटली," हे म्हणाले.

मी तव्यावर भाकरी टाकत होते. वळून बघितलं तर उंबऱ्यावर बसून पाय चपलेत कोंबणं चाललेलं. बोटं आत, टाच बाहेर आणि तोंड लालबुंद.

"कातड्याची चप्पल आटतीया व्हय? लोकरीची हाय का ती?" मी म्हटलं. "पाय सुजलाय तुमचा."

"कारागिरानं माप चुकवलंय."

"गेल्या दिवाळीपासनं तीच चप्पल घालताय. माप आज चुकलं?"

"तू भाकरी बघ. करपाय लागली."

भाकरी खरंच करपत होती. यांचं हे असंच. बोलण्यात कधी सापडायचे नाहीत, कुठून तरी निसटायचेच. शेवटी जावयानं आणलेल्या रबरी स्लिपरा पायात सरकवल्या आणि निघाले तालमीकडं. मी दारातून बघत राहिले. पारापर्यंत गेले आणि थांबले. तिथं कुणी नव्हतं, तरी जणू कुणाची वाट बघतोय असं दाखवत उभे राहिले. मग पुढं गेले आणि दुधाच्या डेअरीपाशी परत थांबले. पूर्वी या वाटेनं हे चालायला लागले की बरोबरच्या पोरांना पळायला लागायचं.

हे म्हणजे हिंदुराव खोत. दूधगंगेच्या काठच्या आमच्या गावांत नुसतं 'पैलवान' म्हटलं की यांचंच नाव. साठी उलटली होती, माती सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण पैलवानकी काही सुटली नव्हती. सकाळी तालमीत जाऊन कट्ट्यावर बसायचं, पोरांच्या लढती बघायच्या, चुकला डाव की शिवी हासडायची. आणि खुराक! तांब्याभर दूध, वाटीभर तूप, थंडाई, आठवड्याला मटण. जोर-बैठका बंद आणि खाणं चालू. मग पोट सुटणार नाही तर काय होणार? गेल्या वर्षभरात तर अंग असं वाढलं की सदऱ्याची बटणं लागेनात.

मी तूप बंद केलं. दूध अर्ध्यावर आणलं. त्यावरून घरात रोज कुस्ती. मुलगी निपाणीला दिलेली, घरात आम्ही दोघंच, सोडवायला तिसरं कुणी नाही.

पण मला घोर लागला होता तो पोटाचा नव्हता. रात्री हे भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचे. मागं दोन उशा, त्यावर गोधडीची वळकटी. आडवं व्हा म्हटलं की म्हणायचे, "पैलवानाची पाठ जमिनीला लागू नये, शालन." आणि हसायचे. तालमीतल्या पोरांनाही तेच सांगायचे. पोरांना केवढं कौतुक! वस्ताद झोपेतसुद्धा चीत होत नाही म्हणे. मला मेलीला हसू यायचं नाही. मी नांदायला आले तेव्हापासून हे पालथे-उताणे कसेही पसरून घोरायचे, हे मी सोडून कुणाला ठाऊक होतं?

दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. आयुष्यात एकदाही सुई टोचून घेतलेली नाही याचा केवढा अभिमान. "दवाखाना पैलवानाचा न्हाई," म्हणायचे. मला एकच हवं होतं. कुणीतरी, शहाणं शिकलेलं कुणीतरी, ह्या माणसाकडं एकदा नीट बघावं.

आणि तशातच ती पुण्याची माणसं आली.

कुठल्याशा संस्थेची होती. त्यांचा अभ्यास चालला होता माणसाच्या अंगाचा. जन्मल्यापासून म्हातारपणापर्यंत अंगात हाड किती, मास किती, चरबी किती, आणि ते कसकसं बदलत जातं. त्यासाठी त्यांना पैलवान हवे होते. नुकतं मातीत उतरलेलं पोर, ऐन भरातला गडी आणि माती सोडलेला म्हातारा. तालीम सोडल्यावर पैलवान का सुटतात ते त्यांना शोधायचं होतं. मी मनात म्हटलं, त्याला पुण्याहून यायला कशाला पाहिजे, मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्यांच्यातले दोघं बापये तालमीत जाऊन पोरांना मोजत होते. मशीन सांभाळणारी मात्र मुलगी होती. रेवती ठकार तिचं नाव. पंचविशीतली, बारकी, मोठ्या चष्म्याची. आता तालमीत बाईमाणसाला मज्जाव. माती बाटते म्हणतात. मग तिचं मशीन कुठं मांडायचं? तालमीचा आत्ताचा वस्ताद सर्जेराव चौगले, तो यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "वस्तादांचा सोपा मोठा हाय की." झालं! आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, सतरंजी पडली, खाट आली, आणि गावातले सगळे जुने पैलवान एकेक करून आमच्याच दारात सदरे काढायला लागले. बायका खिडकीतून बघून जायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

चहा द्यायच्या निमित्तानं मी त्या पोरीला गाठलं.

"पोरी, आमच्या ह्यांनाबी मोजणार न्हवं?"

"हो मावशी. उद्या सकाळी."

"मग माझं एक काम कर. चरबी लई झालीया म्हणून जरा दटावून सांग. खोटं बोल म्हणत न्हाई, खरंच झालीया. माझं ऐकत न्हाईत. दवाखान्याची पायरी चढत न्हाईत. मशीन बोललं तर ऐकतील."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मावशी, मी डॉक्टर नाही. पोषणशास्त्र शिकलेय. आम्ही तपासत नाही, नुसतं मोजतो. पण जो आकडा निघेल तो त्यांना स्पष्ट सांगेन."

"तेवढं केलंस तरी लई झालं. म्होरलं मी बघते."

दुसऱ्या दिवशी हे तयार होऊन बसले. सुईबिई नाही, औषध नाही, नुसतं मोजायचंय म्हटल्यावर गडी खूश. "मोज की," म्हणाले, "छाती मोज, दंड मोज. टेप पुरंना झाली तर सांग, गाडीचा दोर आणतो."

तिनं उंची घेतली, वजन घेतलं. दंड, छाती, कंबर झाली. मग लोखंडी चिमटा काढून जागोजागी कातडी धरून बघायला लागली. पोटरीवर चिमटा लावला, काढला, तरी त्याचा वळ तसाच राहिला. खड्डा पडल्यासारखा. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"पोरीच्या हातात जोर हाय," हे म्हणाले. दारातले सगळे हसले, तीही हसली.

मग म्हणाली, "काका, आता खाटेवर उताणे झोपा. हाताला आणि पायाला वायर लावायची आहे."

"उताणा? मी?"

"हो, पाठ टेकून."

"पोरी, तुला म्हाईत न्हाई. ह्या पाठीला माती लावायला सांगली-साताऱ्याचे गडी येऊन गेले."

दारात परत हसू फुटलं. पण झोपल्याशिवाय मशीन चालायचं नाही. शेवटी हे झोपले. मी आतल्या दारातून बघत होते. पाठ टेकली आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. गळ्याची शीर ताठ झाली. खोकला आला. तिनं घाईघाईनं बटण दाबलं, आकडा आला, आणि हे तटकन उठून बसले.

"त्रास होतोय का काका?"

"त्रास कसला? वायर गार लागली तुझी."

तिनं आकडा बघितला. परत बघितला. "काका, अजून एकदा झोपाल?"

परत तेच. परत खोकला. परत तोच आकडा. ती वहीतले बाकीच्यांचे आकडे चाळायला लागली. म्हटलं, किती निघाली एवढी चरबी, की पोरीची वाचा बसली?

"सांग की," हे म्हणाले. "भ्यायला मी काय पोर न्हाई."

"काका, तुमच्या वयाच्या सगळ्यांची चरबी शेकडा तीसच्या वर निघालीये. तुमची सोळा आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे कमी. खूपच कमी. तुमच्या अंगात चरबी सोडून बाकीचंच जास्त आहे."

आणि मग यांनी मांडीवर जो शड्डू ठोकला, तो तालमीपर्यंत ऐकू गेला असेल.

"शालन! ऐकलंस? भाईर ये. चरबी न्हाई! मशीन बोललं!"

"मग हे पोट कशाचं?" मी म्हटलं.

"मास हाय मास! चाळीस वर्सांची मेहनत हाय. उगंच न्हाई."

ती पोरगी काहीतरी सांगू बघत होती, "बाकीचं म्हणजे अगदी स्नायूच असं नाही काका..." पण आता कोण ऐकतंय? म्हाताऱ्यांनी यांना वेढा घातला, कुणी पाठ थोपटतंय, कुणी म्हणतंय आम्ही बी तुझ्यागत तूप खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

आणि मी? खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. वर्षभर धास्ती घेतली होती, ती एका आकड्यानं उतरली. शिकलेल्या पोरीनं, विजेच्या मशीननं सांगितलं की माणूस धडधाकट आहे. भांडणात मी हरले होते, आणि हरल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. त्याच रात्री ताटात तूप वाढलं. बदाम वाटून थंडाई केली. हे दोन घोट प्याले आणि पेला खाली ठेवला.

"का हो? रुसवा गेला न्हाई अजून?"

"पोट भरलंय. आनंदानंच भरलं बघ."

तेही मला गोडच वाटलं.

गावात बातमी फिरली. पुढच्याच आठवड्यात यात्रेचं मैदान होतं. सर्जेराव घरी आला, यांच्या पायाला हात लावून म्हणाला, "वस्ताद, औंदा मैदानाचा मान तुमचा. फेटा बांधून आखाड्याला फेरी, आन नव्या पोरांना चार डाव दाखवायचे. सगळ्या गावाला कळू दे, पैलवान म्हंजे काय चीज असती."

यांचे डोळे भरून आले. कितीतरी वर्षांनी पेटीतला लंगोट काढून उन्हात वाळत घातला.

मैदानाच्या दिवशी दुपारी गाव रिकामं झालं. बापये सगळे ओढ्यापलीकडच्या मैदानात. हलगी घुमत होती, भोंगा इथवर ऐकू येत होता. मी सांजच्या जेवणाची तयारी करत होते. मटण शिजायला ठेवलेलं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि ती रेवती उतरली. एकटीच. केस विस्कटलेले, पिशवी खांद्यावरून घसरलेली.

"काका कुठायत?"

"बस की. पाणी तर..."

"मावशी, काका कुठायत?"

"मैदानात. आज त्यांचा मान हाय."

तिनं दाराची चौकट धरली. "मावशी, मी विचारते त्याचं पटकन उत्तर द्या. रात्री ते कसे झोपतात?"

"बसून. भिंतीला टेकून."

"किती दिवसांपासून?"

"सहा म्हयने झाले असतील. वर्स असंल."

"पाय सुजतात? चप्पल बसत नाही असं?"

चपलेचं मी कुणालाच बोलले नव्हते. हिला कसं कळलं?

"चालताना थांबतात?"

"पोरी, काय झालंय ते सांग आधी!"

ती भराभर बोलत होती, आणि मला कळावं म्हणून सोपं करून सांगत होती. ते मशीन अंगातून बारीकशी वीज सोडतं. चरबीत वीज अडते. पाण्यातून ती सुळकन जाते. मासात पाणी भरपूर असतं, म्हणून वीज जितकी लवकर जाईल तितकं मशीन म्हणतं मास जास्त, चरबी कमी. "पण अंगात नुसतंच पाणी साठलं असेल ना मावशी, तर ते मशीनला कळत नाही. ते त्यालाही मासच म्हणतं. मला तो आकडा पटत नव्हता. पोटरीवरचा तो वळ डोळ्यापुढून जाईना. काल आमच्याकडच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ह्या माणसाचं हृदय थकलेलं असणार. पाणी अंगातच साठतंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. त्यांनी जोर केला तर..."

भोंग्यातून आवाज येत होता, "आता मैदानात येताहेत आपले हिंदुराव पैलवान."

आम्ही दोघी पळालो. मी चुलीवरचं मटण तसंच टाकलं, दार उघडं टाकलं. या वयात मी कशी पळाले देव जाणे. ओढा ओलांडला. मैदानाच्या चारी बाजूंना माणूसच माणूस, आणि त्यात बाई औषधाला नाही. भोवती बांधलेल्या दोराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गड्यानं हात आडवा केला.

"आक्का, हितनं म्होरं न्हाई. बायकास्नी..."

"सर्जेरावाला बोलव. म्हणावं वस्तादांना दवाखान्यात न्यायचंय. पळ!"

तो गेला. मला माणसांच्या फटीतून आखाडा दिसत होता. तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल घातलेलं, त्याचा वास येत होता. मधोमध हे उभे. गुलाबी फेटा, उघडी छाती. लांबून काय रुबाब दिसत होता! खरंच पैलवान दिसत होते. तो गडी सर्जेरावाच्या कानाला लागला, सर्जेराव यांच्या कानाला लागला. हे हसले आणि काहीतरी म्हणाले.

गडी परत आला. "वस्ताद म्हणत्यात, चार डाव दाखवून आलोच."

"अहो, डावच दाखवायचे नाहीत त्यांनी!" रेवती ओरडली. हलगीत तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

मग हे माती कपाळाला लावायला वाकले. एक हात मातीत, एक गुडघ्यावर. आणि वर उठेनात. बघणाऱ्यांना वाटलं पैलवान मातीला नमस्कार करतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ठाऊक होतं ते का उठत नाहीत. वर्षभर मी त्यांना पारापाशी तसंच थांबताना बघत होते.

मी त्या गड्याचा हात बाजूला केला आणि आत गेले.

आधी हलगी थांबली. मग टाळ्या थांबल्या. मी मातीत पाय ठेवला तेव्हा एवढ्या माणसांत माझ्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. हे एव्हाना उठून उभे राहिले होते. ओठ निळसर पडलेले. मला बघून त्यांना आधी काही समजलंच नाही.

"शालन," हळू आवाजात म्हणाले, "भाईर जा."

"चला माझ्यासंगं."

"लोकं बघत्यात."

"बघू देत."

"म्या येतो म्हणून सांगितलं न्हवं? जा तू. माझी आब्रू हाय हितं."

मी त्यांचं मनगट धरलं. गार होतं, घामानं निसटत होतं. आणि मी म्हणाले, "तुमच्या अंगात मास न्हाई. पाणी हाय. काळीज थकलंय तुमचं. मशीन चुकलं."

भोंग्यावर पुकारा करणारा माणूस यांच्या शेजारीच उभा होता, माईक हातात धरून. गोंधळून गेला बिचारा, बंद करायचं सुचलंच नाही त्याला. माझा शब्द न् शब्द सगळ्या मैदानाला ऐकू गेला. ओढ्यापलीकडं घराघरांत बायकांनीही ऐकला, असं मला नंतर कळलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, हे चिडले असते, माझ्याशी भांडले असते. यांनी माझ्याकडं बघितलं, मग माणसांकडं, मग फेटा उतरवून सर्जेरावाच्या हातात दिला आणि माझ्याबरोबर चालायला लागले. पुढं मी, मागं हे. लोकांनी वाट करून दिली. मोठ्या गड्यांनी माना खाली घातल्या होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रात्र निघाली नसती. वेळेवर आणलंत.

नाकात नळी, हाताला सुई. जन्मात सुई न घेतलेल्या माणसाच्या दोन्ही हातांवर पट्ट्या. पाणी उतरायची औषधं सुरू झाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा आटायला लागला. आधी पाय बारीक झाले. मग पोट गेलं. मग दंड गेले, मांड्या गेल्या, चेहरा ओघळला. पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखा खाटेवर नुसता पसरलेला माणूस. कातडीखाली हाडं मोजून घ्यावीत. मी दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, "ह्यांचं मास कुठं गेलं?" तिला वाटलं मी थट्टा करतेय.

रेवती भेटायला आली तेव्हा तिनं सांगितलं. थकलेलं काळीज अंगातलं मास खात सुटतं. आत माणूस झिजत असतो आणि वर पाणी चढत असतं, म्हणून वरून तो धष्टपुष्ट दिसतो. यांची भूकही त्यामुळंच गेलेली. चरबी नव्हती. मासही नव्हतं. मी वर्षभर ज्या पोटावरून ह्या माणसाला टोमणे मारले, ते पोट त्याचं नव्हतंच. मी घास तोडत होते आणि हे आत उपाशी होते. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला कसं कळणार? आम्हालाच कळलं नाही." खरं आहे. पण तूप बंद केलेल्या ताटांची आठवण आली की अजूनही मी समोरचं ताट बाजूला सारते.

हे खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "पोरी, माझा आकडा ठिवलास न्हवं तुमच्यात?"

ती अडखळली. "नाही काका. चुकीचा आकडा ठेवता येत नाही. तुमचं नाव काढावं लागलं."

"म्हंजे पैलवानांत म्या न्हाईच?"

तिनं त्यांच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं.

"ठिवायचा हुतास की," हे म्हणाले. "चुकीचा का असंना."

घरी आलो. सर्जेराव दोनदा बोलवायला आला. हे गेले नाहीत. पहिल्या पहिल्यांदा तालमीतली पोरं यायची, पायाशी बसायची, कुठं बघावं त्यांना कळायचं नाही. एवढा मोठा वस्ताद आणि सदऱ्यात नुसता खांद्याचा सांगाडा. मग हे मला म्हणायला लागले, "झोपलोय म्हणून सांग." मी सांगायची. मग पोरंही यायची थांबली. आता हे रात्री उताणे झोपायचे, औषधानं छान झोप लागायची. मी जागी राहून बघत बसायची. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. माणूस जिवंत होता, खाटेवर होता, श्वास घेत होता. तरी रडू यायचं.

एकदा सकाळी न्हाणीत ह्यांचा पाय घसरला. पडले नाहीत, खालीच बसले, पण उठता येईना. मी हाक मारून शेजारच्या गड्याला बोलवायला निघाले तर म्हणाले, "नगं. कुणाला बोलवू नगंस."

मी वाकले. एक हात काखेखाली घातला, एक गुडघ्याखाली, आणि उचललं. जोर लावावा लागेल म्हणून दात आवळले होते. लागलाच नाही. लहान मुलाला उचलावं तसे हातांवर आले. ओले, थंडगार. एके काळी ह्या माणसाला मातीवरून हलवायला तिघं तिघं गडी लागायचे, आणि मी, शालन, पाच फुटांची बाई, त्याला उचलून उभी होते. त्यांनाही ते कळलं. माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

"तवा मैदानातच गेलो असतो," म्हणाले, "तर पैलवान गेला म्हणाली असती माणसं."

रागानं नाही म्हणाले. त्यांच्यातला राग केव्हाच संपला होता.

"आन मी काय म्हणाले असते?" मी विचारलं.

ते विचार करत राहिले. खरंच विचार करत होते, जणू हे कधी मनातच आलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"खाली ठिव आता," म्हणाले. "तुझा हात भरून येईल."

मी ठेवलं नाही. न्हाणीपासून खाटेपर्यंत तसंच नेलं. हात भरून आला नाही, त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटत होतं.